कोरिंथच्या आखातात डोंगरावर चढलेले डेल्टा: समुद्र चढला होता की जमीन खचली होती?

गाळमित्र

परवा दुसऱ्या धाग्यावर समुद्रपातळीवरून जुंपली होती, तेव्हा ‘दहा लाख वर्षांपूर्वी पाणी कुठवर होतं हे तुम्हाला सांगितलं कुणी?’ असा रोकडा प्रश्न आला होता. तिथेच उत्तर दिलं असतं तर मूळ विषय वाहून गेला असता, म्हणून हा वेगळा धागा.

थोडक्यात उत्तर असं, की नदीच्या मुखाशी साठलेल्या गाळाने सांगितलं. पण हा गाळ एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असतो आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. पाणी किती चढलं-उतरलं ही एक. पायाखालची जमीन किती खचली किंवा उचलली गेली ही दुसरी. काठावरून बघणाऱ्याला दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो: पाणी आत आलं किंवा मागे गेलं. त्यांची फोड कशी करतात हे बघायला ग्रीसमधलं कोरिंथचं आखात फार सोयीचं आहे, कारण तिथे जमीन खचलीही आहे, वरही आली आहे, समुद्र आत आला आहे आणि अधूनमधून तोच समुद्र तळंही झाला आहे. सगळा मामला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला ग्रीसची मुख्य भूमी, दक्षिणेला पेलोपोनीज आणि मधे चिंचोळं आखात. हे दोन काठ एकमेकांपासून लांब सरकताहेत. पश्चिम टोकाला तर वर्षाला १५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे युरोपातल्या सर्वांत वेगाने ताणल्या जाणाऱ्या जागांपैकी ही एक. ताणामुळे दक्षिण काठालगत एकामागोमाग एक मोठे भ्रंश, म्हणजे जमीन जिथे फाटून सरकते अशा भेगा, पडले आहेत. प्रत्येक भ्रंशाची उत्तरेकडची बाजू खाली जाते आणि दक्षिणेकडची वर येते.

दक्षिण काठावर डायाकोफ्तो नावाचं गाव आहे. तिथून कालाव्रिताला दात्यांच्या रुळांवरून चढणारी छोटी गाडी जाते. १८९६ साली सुरू झालेला हा मार्ग २२ किलोमीटरचा आहे आणि व्हुराइकोस नदीच्या घळीतून वर चढतो. घळीच्या भिंती गोट्यांच्या खडकाच्या, म्हणजे पिंडाश्माच्या आहेत आणि त्यांत थर दिसतात ते तिरके. उत्तरेकडे पंचवीस-तीस अंशांनी उतरणारे, काही ठिकाणी कित्येकशे मीटर उंचीचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की आडवे थर नंतर कलंडले असतील. तसं झालेलं नाही. हे थर साठतानाच तिरके साठले.

डोंगरातून धावत आलेली नदी एकदम खोल पाण्यात शिरली की तिचा जोर संपतो आणि तिने आणलेले गोटे काठाच्या पुढे घरंगळतात. खडीच्या ढिगाचा उतार जितका टिकू शकतो तितक्या उतारावर ते थांबतात. असे थरावर थर पुढे सरकत जातात. भूशास्त्रज्ञ त्यांना फोरसेट म्हणतात. त्यांच्या डोक्यावर नदीच्या पात्रातले आडवे थर असतात, ते टॉपसेट. पायथ्याला खोल पाण्यात बसलेला बारीक चिखल, तो बॉटमसेट. अमेरिकेच्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी युटातल्या बॉनव्हिल या आटलेल्या सरोवराच्या काठांवर ही रचना ओळखली आणि १८८५ मध्ये मांडली. तेव्हापासून असल्या डेल्टाला गिल्बर्ट डेल्टाच म्हणतात.

आता सगळा खेळ ज्या एका बिंदूवर आहे तो बघा. आडवे थर जिथे मोडून तिरके होतात तो कोपरा म्हणजे त्या वेळची पाण्याची कड, फार तर काही मीटर इकडेतिकडे. भिंतीत एकाच्या पुढे एक असे शेकडो कोपरे असतात. ते जोडत गेलात की पाण्याच्या पातळीचा आलेख हातात येतो.

पातळी स्थिर असेल तर कोपरा सरळ समुद्राकडे सरकतो आणि आडव्या थरांची जाडी वाढत नाही. पाणी हळूहळू चढत असेल तर कोपरा पुढे सरकता सरकता वरही चढतो, मागे आडवे थर जाड होत जातात. नदी गोटे आणते त्याहून जास्त वेगाने पाणी चढलं, तर डेल्टा बुडतो. गोट्यांवर चिखलाचा थर पांघरला जातो, काठ मागे डोंगराकडे जातो आणि तिथून नवा डेल्टा सुरू होतो. पाणी उतरलं तर मात्र नदी स्वतःच रचलेल्या डेल्टात घळ कापते आणि पुढचा कोपरा खालच्या पातळीवर तयार होतो.

व्हुराइकोसचा जुना डेल्टा साधारण १८ लाख ते ७ लाख वर्षांपूर्वीचा. त्याची जाडी ८०० मीटरच्या आसपास. शेजारच्या केरिनितिस नदीचा जुना डेल्टाही कित्येकशे मीटर जाड आहे. दोन्हींत कोपरे एकावर एक चढत गेलेले दिसतात. हिमयुगांच्या फेऱ्यांत जगभरचा समुद्र खालीवर झाला तो जास्तीत जास्त १२०-१३० मीटर, आणि तोही पुन्हा पुन्हा जागेवर आला. तेव्हा ८०० मीटर जाडीची जागा समुद्र देऊच शकत नाही. ती खचणाऱ्या जमिनीने दिली. ढोबळ भागाकार केला तर वर्षाला पाऊण मिलिमीटर.

आणि आज हाच डेल्टा समुद्रापासून कितीतरी उंचावर, डोंगर होऊन उभा आहे! तो साठला पिर्गाकी-मामुसिया नावाच्या भ्रंशाच्या खचणाऱ्या बाजूला. पुढे ताण उत्तरेकडे सरकला, हेलिकी हा नवा भ्रंश कामाला लागला आणि जुना डेल्टा त्याच्या वर येणाऱ्या बाजूवर सापडला. त्याच नद्या आता स्वतःचेच जुने डेल्टा चिरत खाली येतात आणि नव्या भ्रंशाच्या पायथ्याशी नवे डेल्टा रचतात. अजून आधीच्या डेल्टांचे अवशेष तर हजार मीटरच्या वर आहेत.

प्रश्न विचारा. वादही घाला.

भटकी_मावशी

वाचतेय. आम्ही गेलो होतो त्या गाडीने. माथेरानच्या गाडीची आठवण झाली म्हणून मुलं खूश होती, आणि गाईडबाई सारा वेळ सांगत होत्या मठाच्या गोष्टी. भिंतींकडे बघायचं असतं हे आत्ता कळतंय. फोटो शोधते.

तिरकस

गाळमित्र साहेब, लेख झकास, पण एक ठिकाणी हातचलाखी झालीय असं वाटतं. ८०० मीटर जागा जमिनीने दिली हे मान्य. साधं गणित आहे. पण त्या ८०० मीटरांतल्या ज्या लहान लहान पायऱ्या आहेत, म्हणजे डेल्टा बुडाला, परत उभा राहिला, परत बुडाला, त्या कुणाच्या खात्यावर? समुद्र शंभर मीटर खालीवर होतो तसा भ्रंशही झटके देत सरकतो. एक मोठा भूकंप झाला आणि जमीन मीटर-दीड मीटर खचली, की डेल्टा बुडलाच. मग तुम्ही पायऱ्या मोजणार, समुद्रपातळीचा जगमान्य आलेख शेजारी ठेवणार आणि म्हणणार, बघा जुळलं. जुळवायला बसलं की काहीही जुळतं. पत्रिकेचे गुण जुळवतात तसं.

सातबारा

तिरकस +१. शिवाय गाळच कमी-जास्त आला तर? दुष्काळी काळात नदीने गोटेच आणले नाहीत तर पाणी न चढताही काठ मागे जाईल की.

गाळमित्र

तिरकसराव, हा आक्षेप तुमचा एकट्याचा नाही, या विषयातलं जुनं भांडण आहे. १९७७ मध्ये एक्सॉन कंपनीच्या पीटर वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीत सोडलेल्या कंपनलहरींच्या जगभरच्या नोंदींवरून समुद्रपातळीचा सार्वत्रिक आलेख मांडला. तेल शोधणाऱ्यांना तो फार भावला, कारण एका खोऱ्यातल्या थरांचं वय दुसऱ्या खोऱ्यावरून सांगता येईल अशी आशा होती. १९९२ मध्ये कॅनडाचे अँड्र्यू मिआल यांनी त्याची मस्त गंमत केली. यादृच्छिक आकड्यांवरून खोटे थरस्तंभ बनवले आणि ते त्या आलेखाशी लावून बघितले. सगळ्यात वाईट जुळणी निघाली ७७ टक्के! आलेखात इतक्या घटना होत्या की कुठलाही थर कुठे ना कुठे बसायचाच.

तेव्हा नुसतं जुळणं हा पुरावा नाही, इथे आपलं एकमत. पण कोरिंथमध्ये फोड करायला वेगळ्या वाटा आहेत.

पहिली वाट शेजाऱ्यांची. पाणी चढलं तर आखातातल्या सगळ्या डेल्टांत त्याच वेळी चढतं आणि सारखंच चढतं. भ्रंश मात्र मधोमध जास्त सरकतो आणि टोकांकडे कमी होत शून्यावर येतो. केरिनितिसच्या डेल्टात हे एकाच डेल्टाच्या अंगावर दिसतं. भ्रंशाजवळच्या मधल्या भागात थर जाड, कोपरे सतत वर चढणारे. बाजूच्या अंगाला तेच थर पातळ होतात आणि त्यांच्यात झीज झाल्याच्या खुणा दिसू लागतात. कारण तिथे जमीन पुरेशी खचत नव्हती, त्यामुळे पाणी उतरलेलं लपलं नाही. मधल्या भागात खचणं इतकं होतं की पाण्याचं उतरणं त्यात गिळलं गेलं. म्हणजे समुद्राचा किंवा तळ्याचा आवाज ऐकायचा तर डेल्टाच्या कडेला जा आणि भ्रंशाचा ऐकायचा तर मध्यावर या.

दुसरी वाट उचलल्या गेलेल्या किनारपायऱ्यांची. दक्षिण काठावरच्या झिलोकास्त्रो गावाच्या मागे किनाऱ्याला समांतर सपाट पायऱ्या आहेत, एकावर एक, प्रत्येक पायरी म्हणजे दोन हिमयुगांच्या मधल्या एकेका उबदार काळातला किनारा. शेवटच्या उबदार काळातली, सुमारे १ लाख २५ हजार वर्षांपूर्वीची पायरी घ्या. त्या वेळी जगाचा समुद्र आजच्यापेक्षा जेमतेम सहा ते नऊ मीटर वर होता. झिलोकास्त्रोला जमीन वर येण्याचा वेग वर्षाला १.३ मिलिमीटरच्या आसपास निघतो, म्हणजे हिशेबाने त्या काळात ती दीडशे मीटरच्या वर उचलली गेली. पूर्वेला कोरिंथकडे जावं तसा हा वेग उतरत उतरत ०.३ मिलिमीटरवर येतो. एकाच वयाची पायरी एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला ठेंगणी. समुद्र असा तिरका होत नाही. जो तिरकेपणा आहे तो सगळा जमिनीचा, आणि तो वजा केल्यावर जे उरतं ते पाण्याचं.

तिसरी वाट वयाची. भूकंपाचं वेळापत्रक नसतं. हिमयुगांचं असतं: आधी साधारण ४१ हजार वर्षांचा फेरा आणि गेल्या आठ-नऊ लाख वर्षांत एक लाखाच्या आसपासचा. पायऱ्यांचं वय जीवाश्म, प्रवाळ किंवा खडकातल्या चुंबकत्वावरून स्वतंत्रपणे काढता आलं, तरच ती वाट उपयोगाची. नाहीतर तुमचा पत्रिकेचा टोमणा लागू.

सातबारा, गाळाच्या पुरवठ्याचं रात्री लिहितो. मुद्दा महत्त्वाचा आहे आणि घाईत लिहायचा नाही.

खाडीकाठचा

आमच्या कोकणात मग असले डेल्टा का नाहीत? वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका, कुठल्याच नदीला त्रिभुज प्रदेश नाही, सगळ्यांच्या खाड्या. भूगोलाच्या बाईंनी ‘पश्चिमवाहिनी नद्या वेगवान असतात म्हणून’ असं सांगून सोडून दिलं होतं. पण ग्रीसच्या नद्या तर त्याहून वेगवान आणि त्यांनी डोंगराएवढे डेल्टा रचले!

दगडू_भूशास्त्री

खाडीकाठचा, तुमचा प्रश्न बाईंच्या उत्तरापेक्षा चांगला आहे. वेगाने काही होत नाही. नदी किती गाळ आणते, तो समुद्र उचलून नेतो की तिथेच ठेवतो आणि गाळ ठेवायला जागा कशी आहे, यावर सगळं ठरतं.

आपल्या किनाऱ्यावर सह्याद्री समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नद्यांची खोरी चिमुकली. समुद्राजवळ पडणारं पाणी घाटमाथ्यावरूनच पाठ फिरवतं. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, अरबी समुद्र तिथून ६५ किलोमीटरच्या आसपास, पण ती जाते बंगालच्या उपसागराला आणि डेल्टा रचते आंध्रात. गोदावरीचंही तेच, त्र्यंबकेश्वरहून निघून १४६५ किलोमीटर. भारत मादागास्कर आणि सेशेल्सपासून तुटला, पश्चिम कडा उचलली गेली आणि पठार पूर्वेकडे कललं. म्हणजे दख्खनचा गाळ कुठे जाणार हे भूपट्टांनी ठरवून टाकलं.

दुसरं, हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा कोकणातल्या नद्यांनी खोल दऱ्या कापल्या. नंतर समुद्र परत चढला आणि त्या दऱ्या बुडाल्या. त्याच आपल्या खाड्या. वाशिष्ठीत भरतीचं पाणी चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत चढतं ते म्हणूनच. येईल तो गाळ अजून खाडी भरण्यातच खर्च होतोय. त्यात मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात. मुखाशी गाळ टिकतो कुठे?

कोरिंथमध्ये याच्या उलट. काठालगतच शेकडो मीटर खोल पाणी, भरती-ओहोटी नावापुरती, आणि भ्रंश सतत जागा करून देतोय. छोट्या नदीलाही डोंगराएवढा डेल्टा रचता येतो.

अवांतर: समुद्रपातळीच्या खुणा आपल्याकडेही आहेत, फक्त डेल्टात नाहीत. किनाऱ्यावर शंखशिंपल्यांचा जो दगड झालेला असतो, ज्याला आपण करल म्हणतो, तो पुष्कळ ठिकाणी आजच्या भरतीरेषेच्या वर सापडतो. आणि मुंबईत १९व्या शतकात प्रिन्सेस डॉक खोदताना ओहोटीच्या पातळीच्याही खाली झाडांचे बुंधे उभेच्या उभे मिळाले होते. एक खूण सांगते पाणी वर होतं, दुसरी सांगते झाडं बुडाली. गाळमित्रांची तीच डोकेदुखी, आपल्या दारात.

खाडीकाठचा

करल! आमच्या जुन्या घराच्या गडग्यात ते दगड आहेत. शिंपले नखाने टोकरून काढायचो लहानपणी. आभार दगडूशेठ.

इतिहासवेडी

हेलिकीचं नाव वाचून राहवलं नाही. गाळमित्र, ही तीच हेलिकी ना, जी इ.स.पू. ३७३ च्या हिवाळ्यात एका रात्रीत गडप झाली? भूकंप झाला, मग समुद्र आत आला आणि शहर माणसांसकट गेलं. स्ट्रॅबो आणि पॉसेनियस या दोघा प्राचीन ग्रीक लेखकांनीही लिहून ठेवलंय. पण सापडली ती आखातात नाही ना?

गाळमित्र

तीच. भ्रंशाचं नाव तिच्यावरूनच पडलंय. आणि प्रश्न नेमका आहे.

बुडालेलं शहर म्हणून लोक वर्षानुवर्षं समुद्रतळ धुंडाळत राहिले. डोरा कात्सोनोपुलू आणि स्टीव्हन सोटर यांनी १९८८ पासून पुन्हा शोध सुरू केला, किनाऱ्यावरच्या सपाटीत नळ्या खाली घालून गाळाचे नमुने काढले आणि २००१ मध्ये जुन्या ग्रीक काळातल्या इमारतींचे अवशेष जमिनीखाली मिळाले. ते आजच्या किनाऱ्यापासून आत, सेलिनुस आणि केरिनितिस नद्यांच्या डेल्टात गाडलेले होते. वरच्या गाळात खाजणातल्या थांबलेल्या पाण्याच्या खुणा आहेत. म्हणजे जमीन खचली, तिथे खाजण झालं आणि मग नद्यांनी ते भरून काढत किनारा पुढे नेला. एवढं सगळं अडीच हजार वर्षांत.

तिरकसरावांच्या भूकंपाच्या पायरीचं याहून स्वच्छ उदाहरण नाही. २६ डिसेंबर १८६१ ला त्याच भ्रंशावर पुन्हा मोठा भूकंप झाला. अथेन्स वेधशाळेचे प्रमुख युलियस श्मिट यांनी जागेवर जाऊन बघितलं आणि लिहून ठेवलं: डोंगराच्या पायथ्याशी कित्येक किलोमीटर लांब भेग आणि किनाऱ्याचा एक पट्टा पाण्याखाली. १५ जून १९९५ ला जवळच्या एयिओ शहरात जो भूकंप झाला त्यात २६ माणसं गेली.

पण बघा, भूकंपाची पायरी दिसते कशी. अचानक, एका भ्रंशाच्या एकाच बाजूला, मीटर-दोन मीटरची. नदी ती काही शतकांत भरून टाकते. हिमयुगाची पायरी हजारो वर्षं चालते आणि दहा-वीस डेल्टांत एकदम दिसते. डोंगरातल्या दहा लाख वर्षं जुन्या थरांत एकेकटा भूकंप वेगळा काढणं बहुतेक वेळा जमतही नाही. तिथे दिसते ती हजारो भूकंपांची बेरीज.

कच्छी_मराठी

आदिपूरहून नमस्कार. भूकंपाने डेल्टा बदलल्याचं आपल्या देशातलं उदाहरण आमच्या इथलंच. १६ जून १८१९. कच्छच्या रणात, सिंधूच्या जुन्या पूर्वेकडच्या फाट्यावर, जमिनीचा ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब पट्टा उचलला गेला, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत. लोकांनी त्याला अल्लाह बंद, म्हणजे अल्लाहचा बांध, असं नाव दिलं. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, सिंद्रीचा किल्ला बुडाला आणि तिथे मोठं तळं झालं. किल्ल्यातले लोक बुरुजावर चढले आणि होडीतून सुटले. पुढे १८२६ च्या पुरात सिंधूच्या पाण्याने बंद फोडून वाट काढली. चार्ल्स लायेल यांनी हे उदाहरण आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात घेतलं, म्हणून जगभर माहीत झालं. इथल्या शाळेत मुलांना मात्र २००१ चाच भूकंप ठाऊक.

हजारो वर्षांनी कुणी तिथला गाळ कापून बघितला तर उत्तरेला नदीचा गाळ तुटलेला आणि दक्षिणेला खाऱ्या पाण्याचा थर दिसेल. तो म्हणेल समुद्र चढला!

तिरकस

कच्छी भाऊ, माझंच म्हणणं तुम्ही जास्त नीट मांडलंत. मात्र गाळमित्रांचं उत्तर इथेही लागू पडतं हे कबूल करायला हवं. बंदाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या कहाण्या मिळाल्या तर गुन्हेगार जमीन.

पण माझा दुसरा प्रश्न राहिला. मूळ लेखात ‘समुद्र तळं झाला’ असं एक वाक्य टाकून तुम्ही पुढे निघून गेलात. ते काय प्रकरण?

गाळमित्र

ते मुद्दाम मागे ठेवलं होतं, आणि सातबारांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

आखाताच्या पश्चिम तोंडाशी, जिथे आता रिओ-अंतिरिओचा मोठा पूल आहे, तिथे तळाशी उंबरठा आहे. खोली ६० मीटरच्या आसपास. आखात स्वतः मात्र ८०० मीटरपेक्षा खोल. हिमयुगात जगाचा समुद्र त्या उंबरठ्याच्या खाली गेला की आखाताचा बाहेरच्या समुद्राशी संबंध तुटायचा आणि आत उरायचं तळं. शेवटचं हिमयुग संपताना, सुमारे १२-१३ हजार वर्षांपूर्वी, समुद्र पुन्हा आत शिरला.

याचा अर्थ असा की तळं असताना डेल्टाचा कोपरा जगाच्या समुद्राची नोंद करतच नव्हता. बाहेर समुद्र १२० मीटर खाली, आत पाणी उंबरठ्याच्या आसपास किंवा हवामानाप्रमाणे थोडं खालीवर. जगाचा आलेख जशाच्या तसा लावणारा इथे हमखास फसतो. म्हणून आधी थरांतले सूक्ष्मजीव बघायचे, खाऱ्या पाण्यातले की गोड्या, आणि मगच पातळीबद्दल बोलायचं. डोंगरावरच्या जुन्या डेल्टांपैकी बरेच तर तळ्यातच साठलेले आहेत, मधे मधे खारं पाणी येऊन गेल्याच्या खुणांसह.

२०१७ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय महासागर वेधन कार्यक्रमाच्या ३८१व्या मोहिमेने आखाताच्या तळात तीन ठिकाणी भोकं पाडून गाळाच्या नळ्या काढल्या. एका ठिकाणी तर ७०० मीटरपर्यंत. त्या नळ्यांत ही अदलाबदल लख्ख दिसते: समुद्री थर, तळ्याचा थर, परत समुद्री. दिसायलाही वेगळे. समुद्री भागात जीवांनी ढवळून एकसारखा केलेला करडा चिखल आणि तळ्याच्या काळात बारीक पदर-पदर, कारण ढवळणारं फारसं कुणी नव्हतं.

आणि सातबारा, तुमचा गाळ. त्याच नळ्यांवरून निघालं की हिमयुगांत आखातात येणारा गाळ उबदार काळाच्या दोन ते सात पट होता. झाडोरा विरळ झाला, उतार उघडे पडले, माती सुटली. म्हणजे पाणी उतरत असताना गाळही वाढत होता. दोन्ही गोष्टी डेल्टाला पुढे ढकलतात, त्यामुळे नुसत्या डेल्टाच्या पुढे सरकण्यावरून पाणी किती उतरलं हे सांगू नये. गाळ कमी-जास्त झाल्याने डेल्टा पुढे-मागे होतो. कोपऱ्याची उंची मात्र त्याने बदलत नाही. म्हणून मी मघापासून कोपऱ्यालाच धरून बसलोय.

शेवटच्या चारेक हजार वर्षांत मात्र उबदार काळ असूनही गाळ वाढला. ते माणसाचं काम: शेती, बकऱ्या, जंगलतोड.

सातबारा

हे पटलं. आणि शेवटच्या ओळीवर एक भर. गोदावरीच्या मुखापुढे बंगालच्या उपसागरात तळातून काढलेल्या नळीवरचं काम २०१७ मध्ये छापून आलं होतं. गाळातल्या समस्थानिकांवरून दख्खनच्या बेसाल्टची माती कुठली आणि पूर्वेकडच्या जुन्या खडकांची कुठली हे ओळखता येतं. त्यात दिसलं की गेल्या चार हजार वर्षांत दख्खनची माती वाढत गेली. पाऊस कमी झाला आणि पठारावर शेती पसरली. माझं शिवार गोदेच्या खोऱ्यात आहे. बांधबंदिस्ती नीट नसेल तर एका वळवात काय वाहून जातं ते मी बघतो. तिकडे आंध्रात त्याचाच डेल्टा होतो आणि आम्ही इथे मुरूम उघडा पडलेला बघत बसतो.

दगडू_भूशास्त्री

सातबारा, सुंदर मुद्दा. त्या डेल्टात कोल्लेरू तलाव बघा. कृष्णा आणि गोदावरी यांच्या डेल्टांच्या मधे, आज किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटर आत. समुद्राची पातळी स्थिरावल्यावर दोन्ही नद्यांनी मिळून किनारा पुढे नेला आणि हा मागे राहिला. पुढे गेलेल्या किनाऱ्याच्या वाळूच्या रांगा उपग्रहाच्या चित्रात एकामागे एक ओळीने दिसतात. खाली मात्र भ्रंशांनी तुकडे झालेलं जुनं खोरं आहे, गोंडवन हा जुना महाखंड फुटताना पडलेलं, आणि त्यावर साठलेल्या जुन्या डेल्टांतच आज तेल आणि वायू शोधतात. केजी बेसिन म्हणून बातम्यांत येतं ते हेच.

नवखा_७७

मस्त धागा. माझा अडाणी प्रश्न: तो कोपरा पाण्याची कडच दाखवतो हे कशावरून? नदीच्या पात्रातले थर आणि पाण्याखालचे थर दोन्ही गोट्यांचेच ना?

गाळमित्र

अडाणी अजिबात नाही. भिंतीला नाक लावून बघितलं की फरक कळतो. वरच्या आडव्या थरांत गोटे एकमेकांवर रेलून झोपलेले असतात, चपटी बाजू वरच्या प्रवाहाकडे कललेली. वाहत्या पाण्यानेच ते तसे लागतात. चुनखडकाचे राखाडी गोटे आणि त्यांत मधेच चर्ट या कठीण दगडाचे लालभडक. मधे मधे पात्र कापल्याचे खड्डे आणि कुठे तांबूस मातीचा थर, म्हणजे जमीन उघडी होती. तिरक्या थरांत हे काही नाही. तिथे घसरत आलेले गोटे, खाली मोठे आणि वर बारीक होत गेलेले, आणि मधूनच पांढरट चिखलाचा पातळ पदर, म्हणजे नदी काही काळ गप्प होती. समुद्री थरांच्या किनाऱ्यावर दगडात भोकं पाडणाऱ्या शिंपल्यांची बोटभर बिळंही सापडतात. ते प्राणी कोरड्यावर राहत नाहीत.

भटकी_मावशी

फोटो सापडले, पण सगळे बोगद्यात काढलेले आहेत. परत जायचं तर घळीव्यतिरिक्त अजून काय बघायचं ते सांगा. यावेळी गाईडबाई नकोत.

गाळमित्र

मावशी, कोरिंथचा कालवा बघा. १८९३ मध्ये खुला झाला, सहा किलोमीटरच्या थोडा वर लांब आणि मधल्या भागात भिंती ८० मीटरपर्यंत उंच. जुन्या रस्त्याच्या पुलावरून सगळं दिसतं. समुद्री वाळू आणि गोटे यांचे थर, त्यांच्यावर पुन्हा पाणी आत आल्याच्या रेषा. एकेक रेषा म्हणजे एकेक उबदार काळ. त्यांतल्या प्रवाळांची वयं युरेनियम-थोरियमने काढली आहेत, आणि पूर्वेकडचा ०.३ मिलिमीटरचा वेग त्यावरूनच आला. भिंतीत भ्रंश ओळीने दिसतात. एका बाजूचा पांढरा थर दुसऱ्या बाजूला खाली उतरलेला शोधा, पाच मिनिटांत डोळा बसतो. भिंती ठिसूळ आहेत, २०२१ मध्ये दरडी कोसळून कालवा बंद ठेवावा लागला होता. पुलावर दोरी बांधून उड्या मारणाऱ्यांची गर्दी असते, त्यांच्या पलीकडच्या कठड्याशी उभ्या राहा. सकाळच्या उन्हात थर जास्त उठून दिसतात.

तिरकस

आणि मावशी, यावेळी फोटो बोगद्याबाहेर काढा. भ्रंश दिसला तर इथे टाका, कुठली बाजू खाली गेलीय त्यावर मी वाद घालीन.